माझ्या पाठीतली गोळी कोणाला द्यायची

मी, वेस्ली निएमी, वय सव्वीस पूर्ण, राहणार... इथेच पहिली अडचण आहे. गेल्या सात वर्षांत मी कुठेही सलग सात महिने राहिलेलो नाही. नर्स डोना म्हणाली, "सध्या ज्या खाटेवर आहेस तो पत्ता घाल." तर राहणार हॉस्पिटल, तिसरा मजला, मार्क्वेट, मिशिगन. डोकं ठिकाणावर आहे. दुपारचं औषध मी मुद्दाम घेतलेलं नाही, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की पोरगं गुंगीत होतं. दुखतंय भरपूर, पण दुखणं माझं आणि अक्षरही माझंच. कोणी सांगितलं म्हणून किंवा कोणाला भिऊन मी हे लिहीत नाही. उद्या मंगळवारी माझ्या पाठीच्या कण्याशेजारची गोळी काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक निभेल. मला त्यातला "बहुतेक" तेवढा ऐकू आला. मी वाचलो तर हा कागद फाडावा, बोलायचं ते मी तोंडाने बोलेन. नाही वाचलो तर यातलं एकूण एक करावं.

कलम एक. माझी निळी पिकअप सिग्नेताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला. दुसरा गिअर पडत नाही, पहिल्यातून सरळ तिसऱ्यात टाकायचा. डावीकडची काच वर ढकलून धरायला चमचा आहे, तो फेकू नये.

कलम दोन. माझा तंबू, झोपायची पिशवी आणि ओहायोच्या जत्रेत पाळणा फिरवायचो तेव्हाचा लाल कोट, हे ज्याला लागेल त्याला. त्या जत्रेत एक बाई होती, ती बाटलीच्या तोंडावरून गाणी वाजवायची, आणि तिने मला... हे इथे नको. कोट उबदार आहे एवढंच.

कलम तीन. माझं चव्वेचाळीस बोअरचं रिव्हॉल्व्हर विकू नये. तोडून टाकावं. माझ्या रिव्हॉल्व्हरने आजवर फक्त एक हरीण जखमी केलंय आणि तेही हाती लागलेलं नाही. ते आधी सांगतो, म्हणजे मी एकांगी लिहिलं असं व्हायला नको.

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. जो तो आपापल्या कॅम्पवर. आमचा कॅम्प म्हणजे रेइनोमामाची लाकडी खोली, बाहेर सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, खोपटी, मागे देवदारांची दलदल. आई गेल्यावर सिग्नेताईला आणि मला मामानेच वाढवलं. बंदुकीने कोणीही हरीण मारतं असं त्याचं मत, म्हणून तो चाळीस वर्षं पिस्तुलानेच मारतो. आणि त्या चाळीस वर्षांत गोळी एकच. सपाट तोंडाची, कडक शिशाची, घरी ओतलेली.

मी गेल्या वर्षी दुकानातून पोकळ तोंडाची मऊ गोळी आणली. त्यावरून त्याने माझं खाणं हराम केलं.

"ती गोळी आहे का केक आहे रे?"

"मामा, ही आत शिरली की फुलते आणि तिथेच थांबते. पलीकडे जात नाही."

"पलीकडे नको जायला? मग रक्त कुठून सांडणार? एका भोकातून? बर्फावर माग कसा काढशील, नाक लावून?"

"आणि पलीकडे कोणी असलं तर?"

"पलीकडे कोण असतंय पोरा? पलीकडे कॅनडा असतो."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला लिहिलं पाहिजे. पिस्तुलाच्या गोळीला बंदुकीच्या गोळीचा वेग नसतो. पोकळ तोंडात केस आणि चरबी भरली की कधी ती फुलतच नाही, तर कधी खांद्याच्या हाडावरच फुलून बसते, आत पोचत नाही. माझी तशीच बसली. ते हरीण तीन पायांवर दलदलीत गेलं. आम्ही दोन दिवस शोधलं. म्हणून यंदा मी त्याच्या गोळ्या मुकाट्याने ओतून दिल्या.

कलम चार. गोळ्या ओतायचा साचा. तो मामाच्या शेडमध्ये असला तरी माझा आहे, ओहायोच्या जुन्या बाजारातून मी आणलेला. दोन वर्षांपूर्वी भांडता भांडता तो माझ्या हातून फरशीवर पडला आणि आत एक चरा गेला. तेव्हापासून त्यातून निघालेल्या प्रत्येक गोळीच्या अंगावर नखाएवढी एक उभी रेघ उठते. मामा म्हणाला होता, "रेघेने हरणाला काय फरक पडतोय?" टायरला लावायची शिशाची वजनं वितळवायची, थोडं कथील घालायचं, आणि साच्यातून गरम गोळी सरळ पाण्याच्या बादलीत सोडायची. पाण्यात सोडली की दगडासारखी होते. फडक्यावर आपोआप निवू दिली तर मऊ राहते. मी विचारलं होतं, "बादली की फडकं?" तो म्हणाला, "बादली. विचारायचं काय त्यात?"

मी बादलीत सोडल्या. माझ्या पाठीत आहे ती मीच ओतलेली आहे.

कलम पाच. पंधरा तारखेला सकाळी काय झालं ते. कोणाला हे मृत्युपत्रात शोभत नाही असं वाटेल, पण लिहून ठेवायला माझ्याकडे दुसरा कागद नाही.

मामा ओंडक्यावर बसणार आणि मी दलदलीला वळसा घालून हाका घालत, म्हणजे हरणं उठवून त्याच्या पुढ्यात लोटत, त्याच्याकडे येणार, असं ठरलं होतं. हाका घालणारा समोर असताना त्याच्या दिशेने गोळी झाडायची नाही, हे आमच्याकडे चालायला शिकवतानाच शिकवतात. शिकाऱ्यांना लांबून माणूस दिसावा म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट माझ्या अंगात होतं. मी अर्ध्यावर आलो आणि डाव्या हाताला, जरा मागे, एवढं मोठं करडं घुबड दिसलं. दिवसाउजेडी बसलेलं, माझ्याकडे बघत. मी वळून, मामाकडे पाठ करून, बघत उभा राहिलो. माझं असंच आहे. तेवढ्यात मामा आणि मी यांच्यामध्ये नर हरीण उठलं. मामाने झाडली. गोळी हरणाच्या फासळ्यांतून आरपार आली आणि माझ्या कमरेच्या वर बसली. मी पालथा पडलो. मामा धावत आला. पहिल्यांदा काय म्हणाला? "तुझं लक्ष कुठे होतं?"

मग त्याने मला पाठीवर घेऊन पाऊण मैल आणलं, तेही लिहितो. सत्तरीचा माणूस. वाटेत रडत होता.

पण कॅलहून आडनावाचे वन खात्याचे अधिकारी आले तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो, आणि त्यांना जबाब मामाने दिला. तो ताईसमोरच दिला, तिने मला जसाच्या तसा सांगितला.

"साहेब, मी तर मऊ, पोकळ तोंडाची गोळी वापरतो. ती हरणातच राहते. पोराला लागली ती दलदलीपलीकडून आली. ते शहरातले लोक येतात ना, आवाज झाला की झाडतात."

चाळीस वर्षं! शेजाऱ्यांच्या जेवणात, सौनामध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर ज्याने मऊ गोळीला शिव्या घातल्या, तो सरकारी माणसासमोर एका वाक्यात मऊ झाला. गोळीपेक्षा मला ते जास्त लागलंय. दोन भोकांचं ते हरीण संध्याकाळच्या आत कापून त्याचे सॉसेज झाले होते. आणि जाकीट? "रक्ताने भरलं होतं, चुलीत टाकलं," म्हणाला. आता अर्धं गाव म्हणतं की मी जाकीट घातलंच नव्हतं.

अधिकाऱ्यांनी "अनोळखी शिकारी" असं लिहून कागद मिटले.

मी ताईला खरं सांगितलं. ती खिडकीकडे बघून म्हणाली, "वेस, त्याने वाढवलंय आपल्याला. म्हातारा माणूस. आता काय करायचंय उकरून?"

"ताई, पुढच्या वर्षी हाका कोण घालणार आहे?"

तिने खिडकीचा पडदा ओढला.

"कोण?"

"मीच म्हटलंय येते म्हणून. त्याला आता कोण आहे?"

म्हणजे माझ्या जागेवर ती. पाठ त्याच्याकडे वळवून एखादं घुबड बघत. मला झोप लागत नाही ती दुखण्याने नाही, याने.

कलम सहा. गोळी. सगळ्यात महत्त्वाचं हेच.

मामा रोज येतो, पॅस्टी, म्हणजे मांस भरलेली भाजलेली करंजी, आणतो, बटाटा आणि सलगम जास्त घातलेली, मला आवडते तशी. परवा खाता खाता म्हणाला, "ती काढली की मला दे हं. आठवण म्हणून ठेवीन."

"कसली आठवण, मामा?"

"तू वाचलास त्याची."

मी पॅस्टी पूर्ण खाल्ली. त्यावरून स्वतःवरच चिडलोय.

तर ही गोळी, शस्त्रक्रियेत निघाली तर तशीच, आणि मी टेबलावरच गेलो तरी ती काढूनच, डोनाने, तिला तोंडी सांगून ठेवलंय, बाटलीत घालून सिग्नेताईच्या हातात द्यावी. ताईने स्वतः ती अधिकारी कॅलहून यांना नेऊन द्यावी, दुसऱ्या कोणाबरोबर पाठवू नये. तिच्यावर उभी रेघ असेल. पिकअपच्या सीटखाली कॉफीच्या डब्यात तशाच रेघेच्या अकरा गोळ्या आहेत, त्याही द्याव्या. साचा मिळाला तर तोही. मऊ गोळी हरणातून पार होऊन माणसात शिरली तर ती अशी अखंड राहत नाही, हे त्यांना कोणी समजवायची गरज नाही. ताई, तुला हे जड जाईल. म्हणूनच दुसऱ्या कोणाला सांगत नाहीये. ती हातात घे आणि एकदा तिचं वजन बघ, मग ठरव पुढच्या वर्षी जायचं का.

मामाला शिक्षा व्हावी असं मला वाटतं का? कधी वाटतं. मला एवढंच हवंय की पुन्हा त्याच्यासमोरून कोणी हाका घालत येऊ नये.

कलम सात. रेइनोमामाला काही नाही.

साक्षीदारांबद्दल. डोना म्हणाली, दोन लागतात, आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही असे लागतात. एक ती स्वतः. दुसरा शोधायला लांब जावं लागलं नाही. मामा आत्ताच कॉफी घेऊन आला. मी विचारलं.

"मामा, एका कागदावर सही हवी आहे. माझं मृत्युपत्र."

"असलं काही बोलू नकोस रे." मग कॉफी टेबलावर ठेवत, "मला काय ठेवलंयस?"

"काही नाही. ठेवलं असतं तर तुला सही करता आली नसती."

तो हसला. "बरं आहे. आण इकडे. चष्मा गाडीत राहिलाय माझा."

"वाचायचं नसतं. मी सही करतो ती बघायची, मग खाली तू करायची."

"आणि ते माझं काम? ती गोळी?"

"त्याचंही लिहिलंय, मामा."

"शहाणा झालास," म्हणाला, आणि माझ्या केसांतून हात फिरवला. एवढं लिहून मी दोघांसमोर सही करतो आणि पेन त्याच्याकडे देतो.

सही: वेस्ली निएमी
मार्क्वेट, मिशिगन. सोमवार, २१ नोव्हेंबर २०११, दुपारी तीन.

वेस्लीने शुद्धीवर असताना आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आतला मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार पहिली: डोना प्रूइट, नर्स
साक्षीदार दुसरा: रेइनो लाख्तिनेन, मामा