एकसष्ट गुण

२९ मार्च, शनिवार
मिलिंदने आणि त्याच्या लेकीने मला परीक्षक नेमलं आहे. तोंडी मत दिलं की लेकाच्या या फ्रीमाँटच्या घरात त्याचे तीन अर्थ निघतात, म्हणून लिहून ठेवते.

नात इरा रेडमंडची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायची म्हणते. विषय फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम), खास इथलाच, अमेरिकेत जन्मलेला. प्रवेश मिळाला आहे, हो-नाही १५ एप्रिलपर्यंत कळवायचं. अडतीस पानांचा निबंध पाठवलाय. फोनवर म्हणाली, "आजी, ओन्ली यू विल बी ऑनेस्ट. तू चांगलं म्हणालीस तरच जाईन."
नंतर मिलिंद ओट्याशी येऊन हळूच, "आई, तू साताऱ्यात एकतीस वर्षं हेच शिकवलंस. खरं काय ते सांग तिला." लेकाचं 'खरं' काय ते मला ठाऊक आहे.

३१ मार्च, सोम.
हे शिकवलं म्हणणं धाडसाचं. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास, तेवढाच. "जे उपयोगी ते सत्य. व्यापारी देशाचं व्यापारी तत्त्वज्ञान. पुढे." मुलं उतरवून घेत.

इराच्या निबंधात मूळपुरुष तिघे. मी नावं पाडली आहेत. मोजणीवाले (सरकारी किनारा-मोजणीत नोकरीला होते), डॉक्टर आणि मास्तर. मोजणीवाले म्हणतात, एखाद्या कल्पनेचा अर्थ हवा तर ती खरी धरल्यावर प्रत्यक्षात काय फरक पडेल ते बघा. डॉक्टरांनी हे श्रद्धेपर्यंत नेलं, मास्तरांनी शाळेत आणि लोकशाहीत.
यात व्यापार कुठे? दोनदा वाचलं. सापडला नाही.

३ एप्रिल, गुरु.
पुढे तर्कवाल्यांनी तिघांना अडगळीत टाकलं. मग काही दशकांनी पुन्हा बाहेर काढलं ते 'संवादवाल्यां'नी (हेही नाव माझंच). त्यांच्या मते सत्य म्हणजे आपापसांत बोलून पटलेलं. इरा त्यांच्याशी भांडते. सगळ्यांना पटूनही चूक असू शकतं, म्हणून हल्लीचे काही जण परत मोजणीवाल्यांकडे वळलेत, शोध न थांबवता जे टिकेल ते खरं, असं म्हणत. तीही त्यांच्यातली.
भांडते छान. पान १४ वर ऑफिसचं उदाहरण. सबंध टीमने एक बग 'फिक्स्ड' ठरवून बंद केला, बगला कोणी कळवलं नव्हतं. एकटीच हसले. समासात लिहिलं, 'हे आधी यायला हवं.'
पान २२ ढिलं. तळटीपा फार.

५ एप्रिल, शनि.
तपासून झालं. तांबड्या शाईत ६१/१००, खाली सही. शेरा लिहायची सवय नाही. मिलिंदने स्कॅन करून पाठवलं. आकडा बघून इतका खूश का झाला, कळलं नाही.

८ एप्रिल, मंगळ.
रोज फोन करणारी पोरगी. तीन दिवस नाही.

९ एप्रिल, बुध.
जेवताना मिलिंद म्हणाला, "इरा नाही जात. उद्या नकार कळवतेय. थँक यू, आई."
"का म्हणे?"
"तू फेल केलंस ना तिला."
"फर्स्ट क्लास दिलाय. साठच्या वर आजवर चौघांना दिले असतील."
"इथे सिक्स्टी वन म्हणजे डी मायनस."
"तुला माहीत होतं?"
ताटात बघत राहिला.
"बी.ई.ला तुला किती होते?"
"अठ्ठावन्न."
"मग तेव्हा पेढे कसले वाटले मी?"


१० एप्रिल, गुरु.
सकाळी सातला फोन करून इराला उठवलं. सगळं सांगितलं. मग, "सो दॅट वॉज प्रेझ?"
"बरं होतं म्हणून दिले."
"आजी, धिस इज माय होल पेपर. ६१चा अर्थ म्हणजे लोक ते बघून काय करतात."
म्हटलं, तू नापास झालीस हे तुला पटलं, तुझ्या बापालाही पटलं. म्हणून ते खरं झालं का? तेव्हा हसली. पाच दिवसांनी ऐकलं ते हसू.
नकाराची मेल लिहून ठेवली होती, पाठवली नव्हती. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "एक सांगू? डी मिळाल्यावर थोडं रिलीफ पण वाटलं होतं."


१२ एप्रिल, शनि.
इरा फ्रीमाँटला आली. आल्या आल्या बापाला म्हणाली, "यू न्यू, बाबा."
"होतं माहीत. सहा वर्षांनी नोकरी नाही मिळाली तर काय करशील?"
"देन आय विल हॅव बीन राँग."
तो जाऊन तिच्या खोलीतला हीटर लावून आला.

दुपारी तिला दिवाळीच्या तासाबद्दल सांगितलं.
"थर्टी इयर्स, आजी?"
"एकतीस."
माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. म्हटलं, माझ्या शब्दावर जाऊ नकोस आणि राहूही नकोस. माझा शब्द कसा असतो ते बघितलंस.

१४ एप्रिल, सोम.
इरा सकाळच्या विमानाने परत. मिलिंद ऑफिसला उशिरा जाऊन तिला सोडून आला. उद्या मुदत. काय ठरलं ते मी विचारलं नाही, त्यानेही विचारलं नसावं.
निघताना तिच्या हाती दिलं: दाण्याची चटणी, एक बरणी. तिच्या निबंधावरच्या माझ्या हरकती, सहा पानं, मराठीत. तिसऱ्या हरकतीचं लेखी उत्तर मागितलं आहे, ती कुठेही असली तरी.