चिठ्ठीवर ‘वास नाही’

३ मार्च, सोमवार
नऊ दिवस तुला उघडलं नाही, वही. चुकलंच. तापाने अंथरूण धरलं होतं. आज कारखान्यात परत गेलो – जीव मुठीत धरून.

माझं काम तसं चमत्कारिकच. गहू शिजवून आंबवतात, भट्टीवाला उकळून त्याची वाफ धरतो, मग ती कोळशाच्या थरांतून गाळतात, पाणी घालतात – आणि शेवटी माझं नाक. व्होडकाला वास येता कामा नये. आला तर टाकी परत भट्टीवर. नाही आला तर मी चिठ्ठीवर ‘वास नाही’ लिहून सही करतो, माल बाहेर. एकतीस वर्षांत एकही वाईट टाकी माझ्या सहीने गेली नाही. पण जाईल की काय, ही धास्ती रोज डब्याबरोबर नेतो.

पहिला ग्लास हुंगला. झोंबला तेवढा, बाकी काही नाही. इतकं निर्मळ जन्मात हुंगलं नव्हतं!

४ मार्च
दुसरी टाकीही तशीच. भट्टीवाल्याला म्हटलं, “गड्या, हात बसला बघ तुझा.”

“काका, जग पहिल्या धारेच्या दारूसाठी मिटक्या मारतं, मी पहिली धार मोरीत ओततो. नेलपॉलिशसारखी घाण मारते ती, विषारीही असते.” मग हळूच, “या खेपेला घाईच झाली जरा. पण तुम्ही आहात म्हणून निर्धास्त.”

कान सुखावले.

६ मार्च
तिसरीही पास. स्वयंपाकघरात बसून शीळ घालत होतो, तर सून धावत आली. “अहो बाबा, दुधाचा कोळसा झाला! शेजारी बसून काय करता?” आनंदात भान राहत नाही माणसाला.

७ मार्च
मॅनेजरबाईंनी बोलावलं. वाटलं, मिळाला नारळ! तर म्हणाल्या, “काका, सोमवारपासून स्वादाच्या खोलीत बसा. तिथे तुमचंच नाक हवं.”

स्वादाची खोली! लिंबाची साल तीन दिवस मुरवायची, पांढरा भाग राहिला तर कडू. मिरची काही तासच, नाहीतर पिणारा नाचेल. शिवाय मिरी, मध, व्हॅनिलाची शेंग. भट्टीवाला म्हणाला, “एकतीस वर्षांचा उपास सुटला तुमच्या नाकाचा.” रस्त्यात एकटाच हसत सुटलो. समोरून येणारी बाई पलीकडच्या फुटपाथवर गेली.

१० मार्च
मिरीची बरणी उघडली. मग लिंबाची. मधाची. व्हॅनिलाची. चारही सारख्याच. साल चुरगळून नाकपुडीत घातली – आग झाली, वास नाही.

गोदामवाला फोन उचलत नाही. ट्रकवाल्याच्या हाती चिठ्ठी दिली आहे – माझ्या सहीच्या तिन्ही टाक्यांचा माल थांबवा, कुणी तोंडाला लावू नका, माझं नाक गेलं आहे. किती बाटल्या बाहेर पडल्या ते लवकर कळवा.