मास्तरांच्या कोटाची कॉलर

ता. ४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला तो आमच्या भोपळ्या कुत्र्यामुळे. दोन आठवड्यांपासून त्याच्या पाठीवर आणि कानांच्या कडांना जखमा झाल्यात. खपली धरली की पुन्हा ओरबाडून रक्त काढतो. त्यात इमारतीच्या कमिटीने मला बजावलंय, की हे दुखणं एका जरी माणसाला लागलं तर कुत्रा त्याच दिवशी बाहेर. बारा वर्षांचा म्हातारा जीव तो, रस्त्यावर दोन दिवस तरी टिकेल का?

हे कुणाचं काम ते मला कळलंय. वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर! जिन्यात बसून बाटलीतलं काहीतरी पांढरं भोपळ्याच्या पाठीवर ओतताना इस्त्रीवालीने त्यांना पाहिलं. टपालवाल्यांचं आणि कुत्र्यांचं वैर जुनं, पण म्हणून मुक्या जनावराला भाजायचं? आता गंमत बघ, ते निवृत्त होतायत आणि निरोप समारंभाचा कोट माझ्याकडेच शिवायला टाकलाय. आयतीच मान हातात आली. कॉलरमध्ये गोणपाटाची पट्टी घालणार आहे. भाषणं चालू असताना चारचौघांत खाजवू देत.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. ९

चि. धाकटीस, अ. आ.

तुझा राग म्हणजे उतू जाणारं दूध, आधी सांडणार आणि मग गॅस बंद होणार. शाळेत माझी वही फाडली म्हणून भलत्याच मुलीची वेणी कापून आली होतीस, आठवतंय ना? आधी भोपळ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे ने. इस्त्रीवालीच्या डोळ्यांवर फाशी देऊ नये, तिला समोरचा शर्ट कुणाचा तेही कळत नाही.

पण त्या माणसाने खरंच जाळलं असेल तर मीही तुझ्याच बाजूची. मग पट्टी अस्तराच्या आत, उलट्या टाक्याने घाल, म्हणजे वरून हात फिरवला तरी कळणार नाही. शिलाई मीच शिकवली तुला, पाप अर्धं माझं.

राग आटव, लोभ वाढव.

तुझी,
ताई

ता. २१

ती. ताईस, सा. न.

डॉक्टरकडे गेले, पण पट्टी घातलेला कोट देऊन झाल्यावर. खरूज आहे म्हणाले, माणसालाही लागते. मलाही मलम दिलं. वर विचारलं, की पाठीच्या जखमांना कुणी माणसाचं औषध लावलंय का, ते आधी थांबवा.

तरी मी समारंभाला गेले. मला बघायचंच होतं. मास्तर दोन तास ताठ बसले, मानेला एकदाही हात लावला नाही. मी चरफडत घरी आले. हार काढताना लाल झालेली मान मात्र समारंभाला आलेल्या इमारतीच्या कमिटीवाल्यांनी पाहिली.

काल ते स्वतः खाली आले. खुर्ची दिली तरी बसेनात. दुपारी मी कपडे पोचवायला जाते ना, तेव्हा भोपळ्या रोज वर जाऊन त्यांच्या अंगाशी झोपतो म्हणे, वर्षभरापासून. खरूज त्यांनाही झाली होती. त्यांच्या डॉक्टरने दिलेलं पांढरं औषध ते निम्मं स्वतःला आणि निम्मं त्याला लावत होते. मला सांगितलं नाही, कारण माणसाला लागलंय हे फुटलं तर कुत्रा जाईल.

ताई, ते माझी माफी मागायला आले होते. मानेचं विचारल्यावर ते कमिटीला म्हणाले, की नव्या कोटाची कॉलर टोचते, शिंपीणबाईंचं काम जरा कच्चं आहे. मान लाल झाली ती खरजेने, पण भोपळ्यासाठी खोटं बोलावं लागलं, तुमच्या हाताला उगाच बट्टा लावला, असं म्हणत त्यांनी हात जोडले. मी कोट परत मागितला, तर म्हणाले, राहू द्या, छान बसतो.

भोपळ्या बरा झाला की सगळ्यांना खरं सांगून माझं नाव धुऊन देणार आहेत. मी एवढंच म्हणू शकले, की नका सांगू.

यानंतरही लोभ उरला असेल तर ठेव.

तुझी,
धाकटी