ताम्हनातला घोडेस्वार

कन्हेरी, बारामती
ता. ६ नोव्हेंबर १९३५

ती. स्व. दादांस,
बनाचा कृ. सा. न. वि. वि.

“घोडा हाय, म्हंजी आपलाच देव.” ग्रीस देशातल्या सालोनिकाच्या लढाईवरून परतल्यावर यांनी ते काशाचे नाणे माझ्या हातावर ठेवले आणि एवढेच म्हणाले. खेचरांच्या पलटणीत कुणाकडून तरी मिळाले होते. वरचा स्वार खंडोबाच वाटला, म्हणून तो देव्हाऱ्यात बसला. हे गेल्याला पंधरा वर्षे झाली. रोज सकाळी मी त्याला ताम्हनात आंघोळ घालते.

दादा, आता देव्हाऱ्यात आहे तो देव तो नाही. भाऊबीजेला तुम्ही येऊन गेलात आणि दुसऱ्याच दिवशी मला अडचण आली. चार दिवस देवांना शिवता आले नाही. पूजा धाकट्या जाऊबाईने, सारजाने केली. पाचव्या दिवशी देव हातात घेतला तर घोड्याचा उचललेला पाय बोटाला लागेना. ठोकून पाडलेले नाणे खणखणते आणि साच्यात ओतलेले बद्द वाजते, हे तुम्हीच शिकवले होते. ताम्हनात टाकून पाहिले. बद्द वाजले.

मी विहिरीवर चार बायांसमोर सारजाला विचारले. तिने हातावर भंडारा घेतला आणि म्हणाली, “अक्का, म्या न्हाय.” तेव्हापासून ती माझ्या दारावरून जात नाही, लांबच्या बांधाने पाण्याला जाते. तिचे मालक, संभाजी भावजी, म्हणतात, कबूल होत नाही तोवर तिला माहेरी बसवतो.

तुम्ही यातले जाणते. गावोगावच्या पलटणीतल्या पेन्शनरांकडून परमुलखातली जुनी नाणी जमवता. कुणी विकायला आणले तर ओळखा, डाव्या कडेला चीर आहे. वहिनींच्या अनारशांना जाळी सुरेख पडली होती, तुम्ही मात्र उगीच नावे ठेवलीत.

या दिवसांत माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुमची, बना


इंदापूर
ता. ११ नोव्हेंबर १९३५

चि. गं. भा. बनास,
अ. उ. आ.

तुझे पत्र खिशात घालून शाळेत गेलो आणि पोरांना एकच उतारा दोनदा सांगितला. सारजाने काही घेतलेले नाही. मी घेतले. ओवाळून झाल्यावर तू ताट आत ठेवायला गेलीस, तेवढ्यात.

रागावण्याआधी ऐक. तो खंडोबा नव्हे. शिकंदराचा बाप फिलिप, त्याचे ते नाणे. एका बाजूला त्यांच्या अपोलो देवाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा तरुण. गेल्या सालच्या दिवाळीत मी त्याचे मेणात ठसे घेतले होते, आठवते? पुण्याच्या एका जाणत्या गृहस्थांनी त्यांवरून ओळख पटवली. राजाच्या नावाची आठ अक्षरे असतात. तुझ्या नाण्यावर तीन उरली आहेत. बाकीची तुझ्या चिंचेने आणि राखेने गेली, बना. दर साली येतो तेव्हा ते अधिक पुसट झालेले पाहतो. मागितले असते तर तू दिले नसतेस. म्हणून त्याच ठशांवरून इथल्या तांबटाकडून दुसरे ओतून घेतले.

नाणे आता त्या गृहस्थांच्या संग्रहात आहे. पै घेतली नाही. खालच्या चिठ्ठीवर ‘रामहरी मास्तर, इंदापूर’ असे लिहिले आहे. चोवीस वर्षांत चौथीच्या वर्गाबाहेर मला कुणी ओळखले नव्हते.

सारजावर असे काही बेतेल, हे मनातही आले नाही. तू असे कर, देव तांदळाच्या डब्यात सापडला म्हणून सांग, की मिटले. माझे नाव मात्र काढू नकोस. मास्तर देव्हाऱ्यातला देव चोरतो म्हटल्यावर पोरांपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? तुझी वहिनी दोन दिवस जेवलेली नाही.

मोठ्या भावावरचा लोभ एकदम तोडू नकोस.
तुझा, दादा


कन्हेरी, बारामती
ता. १७ नोव्हेंबर १९३५

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. पहिल्यांदा वाटले, हे अक्षरच तुमचे नाही. तुमच्या कपाळावर मी लावलेले कुंकू ओले असताना तुमचा हात देव्हाऱ्याकडे गेला, हे अजून मनात बसत नाही. चुलीवर भात करपला तरी मला वास आला नाही.

मग अक्षरे पुसल्याचे वाचले आणि आपले हात पाहत बसले. पंधरा वर्षे मी यांची आठवण जपते आहे, असे समजत होते. तुम्ही म्हणता ते खरे असेल. म्हणून देव परत मागत नाही. तिथे निदान तीन अक्षरे तरी राहतील.

पण तांदळाच्या डब्याचे मला सांगता आले नाही. काल सारजाकडे गेले. माझी चूक झाली म्हणाले आणि वाकले, तर तिने पाय ओढून घेतले. वयाने लहान आहे ना. मग शांतपणे म्हणाली, “मग न्हेला कुनी, ते सांगा की, अक्का.”

मला तुमचे नाव घेता आले नाही. भावजी उंबऱ्यात होते. त्यांचा समज झाला की वहिनी मोठ्या मनाने चोरीवर पांघरूण घालायला आल्या आहेत. ते उलट अधिकच चिडले. गुरुवारी बाजाराची गाडी निघेल, तिच्यातून सारजाला कोऱ्हाळ्याला माहेरी धाडणार. तिचे लहानगे इथेच ठेवून घेणार म्हणतात.

दादा, बुधवारच्या मोटारीने या. विहिरीवर, त्याच बायांसमोर, तुमच्या तोंडाने सांगा. मी तुमच्या शेजारी उभी राहीन. रजा नाही, ताप आहे, असे काही तुम्ही लिहाल हे मला ठाऊक आहे. तरी मागते. या.

बना