सुगंधाला माहीत होतं

प्रकाशा,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५६

प्रिय भाऊ,

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेतला शनिवारचा प्रश्नोत्तरांचा तास तू बंद केलास हे वाचून हातातलं काम राहिलं. नंदुरबारात अडत्यांपासून टांगेवाल्यांपर्यंत सगळे तुझ्या त्या तासाचं कौतुक करायचे. मला मुळाक्षरं शिकवलीस तीही असंच काहीबाही विचारत. सूर्याचा उजेड आपल्या अंगणात यायला किती वेळ लागतो, असं तू एकदा विचारलंस. मी म्हटलं, वेळ कसला, सूर्य उगवला की येतोच. आठ मिनिटं लागतात हे ऐकून मी तव्यावरची भाकरी करपवली होती आणि आईची बोलणी खाल्ली होती. सासरी आल्यापासून असं काही विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. इथं शेताचं, गुरांचं आणि पाहुण्यांचंच बोलणं.

म्हणून इथल्या शिवरात्रीच्या जत्रेसाठी तुझ्या सुगंधाला आठ दिवस माझ्याकडे धाडलंस, तेव्हा मी किती सुखावले ते तुला ठाऊक नाही. गाडीतून उतरायच्या आत तिनं गाडीवान चैत्याला विचारलं, "उंटाच्या मदारीत काय असतं?" तो म्हणाला, पाणी. "नाही, चरबी," असं अगदी मास्तरासारखं तोंड करून तिनं सांगितलं. पहिल्याच दिवशी सासूबाई ठेचा वाटत होत्या, तर त्यांना म्हणते कशी, "आजी, साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या देशात मिरचीच नव्हती. पोर्तुगीज लोकांनी जहाजातून आणली." सासूबाई वरवंटा धरून बघतच राहिल्या. "मंग तवय लोके भाकरसंगे काय खायेत वं?" "मिरी कुटून खायचे, आजी." त्या हसल्या. आमच्या घरात त्यांना हसवणं सोपं नाही, भाऊ. मग येईल त्या बाईला त्या हीच मिरचीची गोष्ट सांगायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यामागे पाणवठ्यावर आली. शहाद्याकडून आलेल्या यात्रेकरूंत पटकीची दोन माणसं दगावली, असं बायका बोलत होत्या. घरी येऊन तिनं हंड्यावर हात ठेवला आणि मला, आपल्या आत्याला, म्हणाली, "फुई, पटकी पाण्यातून येते. पाणी खळखळ उकळलं की ती मरते. बाबांनी शिकवलंय." मी तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात पाणी उकळायला लागले. तिनं ते माझ्या दोन पोरांनाही पाजलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांचा तोल गेला. "तापीमायनं पानी उकायीसन पेवानं? मन्हा घर हाई चालनार नही." हे ओट्यावर बसून सुपारी कातरत राहिले. तरी चौथ्या दिवशीही सासूबाई देवळात गेल्यावर मी घाईघाईनं पातेलं चुलीवर चढवलं. पाचव्या दिवशी कोरीटहून सासूबाईंच्या माहेरची अकरा माणसं आली. दोन्ही चुलींवर सारखा स्वयंपाक, आणि सासूबाई समोर बसलेल्या.

सहाव्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. शहाद्याच्या डॉक्टरला आणायला हे घोडीवर गेले, तर तो इथल्याच जत्रेत आलेला; कुठल्या तंबूत आहे ते सापडेपर्यंत दिवस मावळला. तिचे डोळे खोल गेले होते, पायांत गोळे येत होते. मी ते चोळत होते आणि ती मला विचारत होती, "फुई, जीभ अशी का सुकते?" मी बोट ओलं करून तिच्या ओठांना लावलं. सकाळी सगळं संपलं. तू पोचलास तेव्हा माणसं तिला नदीकाठी अग्नी देऊन परतली होती. सासूबाई तुला म्हणाल्या की जत्रेत फिरताना पोरगी ओंजळीनं नदीचं पाणी प्याली असेल. मी भिंतीशी उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी मान खाली घातली.

आता तू लिहितोस, "जिला उत्तर तोंडपाठ होतं तीच नदीचं पाणी प्याली. मी पोपट पढवले, दुसरं काही केलं नाही." भाऊ, ती नदीवर प्याली नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती खेळून आली, मी रांजणातून तांब्या भरून तिच्या हातात दिला. तिनं तो ओठांपाशी नेला, थांबली आणि विचारलं, "उकळलंय ना, फुई?" सासूबाई बघत होत्या, पाहुणे पानावर बसले होते. मी हो म्हटलं. माझ्यावर विश्वास ठेवून ती प्याली. माझी पोरंही तेच पाणी प्याली, आणि ती दोघं जगली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, यांनाही नाही. भाऊबीजेला तू आला नाहीस तरी मी का म्हणून विचारणार नाही. पण ती विसरली, तिला समजलंच नव्हतं, असं तिच्याबद्दल कुणाजवळ बोलू नकोस. शेवटच्या दिवसापर्यंत ती विचारत राहिली. खोटं मी बोलले.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
गुलाब