चौदा बॅटी आणि माझी स्वच्छता

मेडनहेड, शुक्रवार

आदरणीय सुहासराव यांना कडूबाचा सप्रेम जयभीम.

इथल्या क्लबहाऊसात मी आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: खेळाडूंची चौदा कपाटं, तीस फुटांचा एक सलग बाक (जोड तीन आहेत, पण शोधून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन), बॅटी उभ्या करायचा घोडा, बुटांची मांडणी, आणि ज्या खिडकीतून मला सध्या बाहेर उभं राहून आत बघावं लागतंय ती खिडकी. हे सगळं कॉलेजची पायरी न चढता. तुम्हाला माहीतच आहे, जालन्यात लेथवर उभा राहिलो तेव्हा मला मिशीही फुटली नव्हती. गिरिजावहिनींचा गुडघा कसा आहे? तुमच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजून कळवा. सात इंचांच्या वर असेल तर दोष गुडघ्याचा नाही, गवंड्याचा आहे.

मी खिडकीबाहेर का, ते सांगतो. रविवारी सामना आहे आणि हरलो तर क्लब बंद, असं मॅनेजर ग्विननं (वेल्सचा माणूस, रागावला की आणखी हळू बोलतो) सांगून टाकलंय. सात सामने ओळीनं हरलोय. बेसबॉल म्हणजे काय हे तुम्ही मागेही विचारलं होतं, तर एवढंच धरून चाला की पळायचं चौकोनात आणि झेल सुटला की शरम क्रिकेटइतकीच. आमचे झेल सुटत नाहीत, कुणी घ्यायलाच जात नाही. चेंडू वर गेला की व्हेनेझुएलाचा योर्मान त्याच्या भाषेत ‘माझा’ म्हणून ओरडतो, जपानचा केन्ता त्याच्या भाषेत, लियम इंग्रजीत, मग तिघंही सभ्यपणे थांबतात आणि चेंडू मधोमध पडतो. आत बसायचेही कोपरे ठरलेले. चौघं व्हेनेझुएलाचे एका कोपऱ्यात, तिघं जपानचे दुसऱ्या, सहा इंग्रज हीटरजवळ, आणि आपला परीक्षित (जन्म मेडनहेडचा, आई पुण्याची) कुठं बसावं न कळून दारात. ‘कडूबा, काहीतरी कर,’ असं ग्विन म्हणाला, म्हणून तर मी तो बाक केला. कोपरेच नकोत! सगळे त्यावर बसले खरे, पण गटागटानं, मध्ये जागा सोडून. मी मोजलं. दोन गटांत सव्वीस इंच, आणि परीक्षितच्या दोन्ही बाजूंना चाळीस.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दोष बाकात नाही, बॅटींत आहे. प्रत्येकाची लाकडी बॅट वेगळ्या तऱ्हेनं घाण. मुठीवर काळा चिकट राळेसारखा लेप थापलेला, बुडावर काहीबाही खरडलेलं, कुणाचा क्रॉस, कुणाची जपानी अक्षरं, लियमचं तर कुत्रं. एक टीम तर एक रूप, नाही का? मंगळवारी सगळ्यांना सुट्टी होती. मी टर्पेंटाइननं तो लेप उतरवला, एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरनं बुडं घासली, मग दोनशेवीसनं, मग जवसाच्या तेलाचा हात. बॅटी अशा चकाकल्या की मी घरी रचनाला, तुमच्या बहिणीला, फोटो पाठवला. बुधवारी योर्माननं पहिला फटका मारला. चेंडू हुकला, बॅट हातातून निसटली ती थेट ग्विनच्या गाडीच्या काचेतून आत. लेप पकड राहावी म्हणून लावतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (मीही विचारलं नव्हतं. हे वाक्य वहिनींना वाचून दाखवू नका.)

काचेचं एक वेळ जाऊ द्या. योर्मानच्या बॅटीच्या बुडावर त्याच्या लेकीचं नाव होतं. ती तिकडं, हा इकडं, तीन वर्षं भेट नाही. ते नाव मी दोन्ही नंबरच्या पेपरांनी गुळगुळीत केलं होतं. तो ओरडला नाही, सुहासराव. ओरडला असता तर बरं झालं असतं. जिथं नाव होतं तिथं तो नुसता अंगठा फिरवत बसला. ओरडला केन्ता, जो दोन वर्षांत ‘थँक यू’च्या पुढं गेला नव्हता, आणि तोही स्वतःच्या बॅटीसाठी नाही, योर्मानच्या. मग लियम. मग सगळेच. परीक्षित तेवढा अदबीनं म्हणाला, ‘काका, तुम्ही माझा बॅट धुतली? हू वॉशेस अ बॅट, काका?’ संध्याकाळी दारावर कागद लागला की कडूबानं रविवारपर्यंत आत पाय ठेवायचा नाही. खाली चौदा सह्या. या टीमनं एकमतानं केलेलं हे पहिलं काम.

मग मी खिडकीतून पाहिलं. सगळे जमिनीवर (माझ्या बाकावर नाही!) बॅटींच्या ढिगाभोवती बसले होते. कुठली कुणाची, काही कळेना. एकेक जण बॅट उचलायचा, तोलायचा, हवेत फिरवायचा. योर्माननं डोळे मिटून लियमची ओळखली. केन्तानं योर्मानची लाकडाच्या रेषांवरून काढून दिली. परीक्षितला स्वतःचीच ओळखता येईना, ती लियमनं ओळखली आणि त्याच्या डोक्यावर हलकेच टेकवली.

गुरुवारी सकाळी परीक्षितनं खिडकीतून चौदाही बॅटी बाहेर दिल्या, सोबत कशावर काय होतं त्याच्या चौदा चिठ्ठ्या. ‘काका, सगळे म्हणतायत, तुम्ही पुसलं, तुम्हीच लिहायचा.’ तेव्हापासून मी कोरतोय. न वाचता येणारी जपानी अक्षरं फळकुटावर चाळीस वेळा गिरवली. एक रेघ मिलिमीटरभर लांबली तर केन्ताच्या आजोबांच्या जागी भलताच माणूस बसायचा. लियमचं कुत्रं दोनदा डुक्कर झालं. पाच झाल्या, नऊ राहिल्या. योर्मानच्या लेकीचं नाव शेवटी ठेवलंय, तोवर हात बसेल म्हणून. आणि हे सगळं करून रविवारी चेंडू वर गेला तर कोण पळेल, कोण थांबेल, देव जाणे असं म्हणायची आपल्यात सोय नाही, म्हणून मलाच जागं राहावं लागतं.

आपला,
कडूबा

ता. क. ग्विननं काच स्वतःच बदलून घेतली. रबर तिरकं बसलंय. हात लावण्याआधी या वेळी विचारणार आहे.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण असं की रचनाला तुम्ही फोन करावा. थोरल्या भावाचं ती ऐकते. (माझं ऐकून घेते, तो प्रकार वेगळा.) काल एका फर्निचर कंपनीचा माणूस आला होता. बाकाचा फोटो पाहून त्याला वाटलं, ऑफिसातली माणसं यावर बसवली की आपोआप एक होतील. सव्वीस इंचांचं मी त्याला सांगितलं नाही. शनिवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा बघतो, म्हणाला. समोर चौदा बॅटी बिननावाच्या पडल्या होत्या. मी नाही म्हटलं. रचनाला हे अजून माहीत नाही. तिला सावकाश सांगा, बसवून सांगा: कायमची नोकरी, वर्कशॉपचा मुख्य, ब्रॅकनेलला, तिच्या ऑफिसपासून चालत अकरा मिनिटं, वर्षाला एकेचाळीस हजार सहाशे पौंड.