प्रत्येक कवळीतला एक दात

सोमवार, ३ जून
मालकांचा फोन. त्यांच्या दुसऱ्या डेंटल लॅबमध्ये कुणीतरी छळाची तक्रार केली म्हणे. म्हणून आपल्याकडेही 'मानसिक छळ प्रतिबंध प्रमुख' हवा. इनचार्ज या नात्याने मीच. आपल्याकडे छळ नाहीच, त्यामुळे काम हलकं. कुणाला त्रास असेल तर बिनधास्त माझ्याकडे या, फक्त येण्याआधी मला विचारा, असं सगळ्यांना सांगितलं.

मंगळवार, ४ जून
कुणीच आलं नाही. वातावरण उत्तम.

वॅक्सवाल्या बाईंची कवळी तपासली. मेणात दात बसवावेत तर त्यांनीच. हे त्यांना कधी सांगत नाही, डोक्यात हवा जाते. नेहमीप्रमाणे एक दात उपटला, परत बसवा म्हटलं. दात बरोबरच होता. पण माणूस सैल पडता कामा नये.

गुरुवार, ६ जून
प्रतिबंध प्रमुखांचं ट्रेनिंग. मागे येऊन उभं राहणं, उगाच चुका काढणं, चहालाही परवानगी घ्यायला लावणं, घरी गेल्यावर मेसेज करत राहणं. असले साहेब असतात म्हणे. फार वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीत लॅबला फोन करून कोण कुठे आहे ते विचारून घेतलं.

जेवण गेलं नाही. भाजीत तेल जास्त होतं.

शुक्रवार, ७ जून
संकल्प: कुणाच्याही मागे उभं राहायचं नाही. दुपारपर्यंत पाळला. मग बाजूला उभा राहिलो, बाजूला चालतं. बाई अंग चोरून बसल्या, मेण सांडलं. एसी जास्त असावा. बंद केला.

घरी बायकोला विचारलं, मी कंट्रोलिंग आहे का. तिने विचारलं, काय उत्तर हवंय?

मंगळवार, ११ जून
दुसऱ्या लॅबमध्ये छळ प्रतिबंधावर माझं भाषण. टाळ्या बऱ्यापैकी.

परत येतो तर डेंटिस्टचा फोन, आगपाखड. आज सकाळी मी न तपासता गेलेली कवळी ट्रायलला एका आजोबांच्या तोंडात घातली आणि एक दात सुटून थेट घशाकडे गेला. आजोबा थोडक्यात वाचले. ही कवळी करणारा माणूस लॅबमध्ये दिसता कामा नये, असं डेंटिस्टनी मालकांनाही कळवलंय.

बाईंना बोलावलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "सर, तुम्ही नेहमी पुढचा डावाच काढता. घट्ट बसवला की उपटताना शेजारचेही हलतात. म्हणून तो कच्चाच ठेवते. तुम्ही काढलात की मग पक्का करते. काल तुम्ही लवकर गेलात."

नेहमी पुढचा डावाच? मला माहीतच नव्हतं.

बुधवार, १२ जून
मालकांना उद्यापर्यंत चूक करणाऱ्याचं नाव हवंय. बाईंच्या घरात कमावत्या त्या एकट्याच. मला माझीच लाज वाटते आहे. भाजीबिजीचा संबंध नाही. ठरलं: उद्या आधी बाईंची माफी मागायची, मग चूक माझी म्हणून मालकांना सांगायचं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. जमतं.

गुरुवार, १३ जून
सकाळीच बाईंना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. मी घसा साफ केला. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "चुकलं सर. माफ करा."

माझ्या तोंडून निघालं, "ठीक आहे. पुन्हा होऊ देऊ नका."

थँक्यू म्हणून त्या टेबलावर जाऊन बसल्या. लगेच मालकांचा फोन. बाईंनी चूक कबूल केली आहे, असं मी सांगितलं. खोटं नव्हतं. मालक म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका म्हणावं त्यांना.

मी बरं म्हणालो.